डीप पर्पल : रॉक बँडचे सातत्य आणि नावाच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

पुस्तकाला लेखक असतो, चित्राला चित्रकार असतो. रॉक बँडच्या बाबतीत मात्र कर्ता कोण, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. सभासद येतात, जातात आणि नाव तेच राहते. इंग्लंडमध्ये १९६८ साली स्थापन झालेला ‘डीप पर्पल’ हा बँड या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या सभासदसंचांना चाहते ‘मार्क १’, ‘मार्क २’ असे क्रमांक देतात आणि हे क्रमांक आता नऊपर्यंत पोहोचले आहेत. या सर्व संचांत आढळणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे ड्रमवादक इयन पेस. बँडचा समग्र इतिहास देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ‘डीप पर्पल’ हे नाव नेमके कोणाचे, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यातील काही टप्प्यांचा येथे विचार केला आहे.

दोन संच, दोन वळणे

गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या आजीला आवडणाऱ्या एका जुन्या गाण्यावरून बँडला नाव मिळाले. पेस, ब्लॅकमोर आणि ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांच्याबरोबर पहिल्या संचात गायक रॉड इव्हान्स व बास गिटारवादक निक सिम्पर हे होते. ‘हश’ या गाण्याने १९६८ मध्येच या संचाला अमेरिकेत मोठे यश मिळवून दिले. तरीही १९६९ मध्ये इव्हान्स व सिम्पर यांना दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी इयन गिलन व रॉजर ग्लोव्हर आले. बँडची आज जी ओळख आहे ती प्रामुख्याने या दुसऱ्या संचाची होय. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवी. त्यामुळे ऑर्गनचा नाद गिटारइतकाच खरखरीत व आक्रमक होई. याच लॉर्डने रचलेला कॉन्चेर्टो सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या साथीने सादर झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झॅपा यांच्या कार्यक्रमात आग लागून कॅसिनोची इमारत भस्मसात झाली. तेथे ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या डीप पर्पलला मग एका रिकाम्या हॉटेलात काम करावे लागले. सरोवरावर पसरलेल्या त्या धुरावरूनच ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे आकाराला आले. या गाण्याचे श्रेय पाचही सभासदांच्या नावे नोंदलेले आहे, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. पुढील संचांनी तेच गाणे वाजवले, तेव्हा त्यांतील काही वादकांचा त्याच्या निर्मितीशी काहीही संबंध नव्हता. श्रोत्यांची त्याला कधी फारशी हरकत दिसली नाही.

१९७३ मध्ये गिलन व ग्लोव्हर बाहेर पडले, १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला आणि १९७६ मध्ये बँडच विसर्जित झाला.

१९८० चा खटला

आपल्या प्रश्नाचे सर्वांत उघड रूप येथे दिसते. १९८० मध्ये इव्हान्सने अन्य वादकांना घेऊन ‘डीप पर्पल’ याच नावाने अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथे कार्यक्रम सुरू केले. नाव अजून प्रेक्षक खेचत होते. रंगमंचावर मात्र प्रेक्षकांच्या ओळखीचे जवळजवळ कोणी नव्हते. लाँग बीच येथील कार्यक्रमापूर्वी मूळ व्यवस्थापकांनी जाहिरात देऊन कोणते कलावंत त्यात नसतील याची यादीच प्रसिद्ध केली. प्रकरण कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले. निकाल इव्हान्स व त्याच्या साथीदारांच्या विरोधात लागून ६,७२,००० डॉलर नुकसानभरपाई ठरली, आणि त्यातील मोठा भाग दंडात्मक होता. पहिल्या तीन अल्बमांच्या रॉयल्टीवरही इव्हान्सला पाणी सोडावे लागले.

प्रेक्षकांची फसवणूक झाली होती, तेव्हा निकाल न्याय्यच म्हणावा लागेल. तथापि दावा लावणारी एच.ई.सी. एंटरप्रायझेस ही कंपनी वादकांची नव्हती. हायर, एडवर्ड्स व कोलेटा या तीन भांडवलदारांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले होते. थोडक्यात, ज्याने पहिल्या तीन अल्बमांना आवाज दिला त्याला ते नाव वापरता येत नव्हते, आणि ज्यांनी एक सूरही वाजवला नव्हता त्यांना त्यासाठी न्यायालयात जाता येत होते. कायद्याच्या दृष्टीने नाव ही मालमत्ता असते. श्रोत्याच्या दृष्टीने ती विशिष्ट नादाची खूण असते.

पुनरागमनानंतर

१९८४ मध्ये दुसरा संच पुन्हा एकत्र आला, परंतु गिलन व ब्लॅकमोर यांचे फार काळ जमले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौऱ्याच्या मध्यावरच निघून गेला, तो कायमचा. जो सॅट्रियानीने दौरा निभावून नेला व १९९४ मध्ये स्टीव्ह मॉर्स आला. मॉर्सबरोबरचा पहिला अल्बम १९९६ साली निघाला. मुंबईच्या श्रोत्यांनी मात्र एप्रिल १९९५ मध्येच त्याला डीप पर्पलबरोबर ऐकले होते. या कार्यक्रमाचे चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने प्रकाशित झाले. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त होऊन डॉन एअरी आला, आणि लॉर्डचा जुना हॅमंड ऑर्गनही पुढे त्याच्याकडेच गेला. वादक बदलला तरी नाद राखण्याची ही धडपड बोलकी आहे. लॉर्डचे २०१२ मध्ये निधन झाले.

२०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलचा गौरव केला, तेव्हा पुन्हा यादी करण्याची वेळ आली. तीत इव्हान्सचा समावेश होता, पण त्याच संचातील सिम्परचा नव्हता. ब्लॅकमोरपेक्षा अधिक वर्षे गिटार वाजवूनही मॉर्सला वगळण्यात आले. कोणत्या निकषावर, याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे. समारंभाला ना इव्हान्स आला, ना ब्लॅकमोर. २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मॉर्स बाहेर पडला, त्याच्या जागी सायमन मॅकब्राइड आला आणि २०२४ मध्ये या नवव्या संचाचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला.