भाग ३१ : रिटायर झाल्यावर गाव की पिंपरी-चिंचवड?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे ट्रान्स्क्रिप्ट. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ गाळलेत, बाकी भाग तसाच आहे.

आजचा विषय आपल्या वयाचा वाटणार नाही. पण पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी तो सध्या रोज जेवताना निघतो. आई-वडिलांनी रिटायर झाल्यावर राहायचं कुठे?

आपलं शहर तसं तरुण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या. महानगरपालिका झाली ती १९८२ मध्ये. मग कारखाने चाकणपर्यंत सरकले. कामाला माणसं आली सातारा, सांगली, सोलापूर, खानदेश, मराठवाडा, कोकणातून. नोकरी इथे, पण जत्रेला आणि सुट्टीला गावी. त्यामुळे ‘नोकरी संपली की गावाला जायचं’ हे त्या पिढीने आधीपासूनच ठरवलेलं असतं.

आमच्याकडेही तेच. पप्पा चाकणमधल्या एका कंपनीत आहेत, पुढच्या मार्चमध्ये रिटायर होतील. त्यांना पाटण तालुक्यात, आपल्या गावी जायचंय. आई म्हणते, चिखली सोडायची नाही. दोघांचंही बरोबर वाटतं, म्हणून मी आधी माहिती गोळा केली आणि मग बोलायला बसलो. त्यातलं तुमच्या कामाचं इथे सांगतो.

आधी वय, मग जागा

आपण ‘रिटायरमेंट’ एकच गोष्ट समजतो. खरं तर ते तीन वेगवेगळे काळ आहेत. पहिला, साठ ते सत्तर: हातपाय चालतात, बाइक चालवता येते. दुसरा, सत्तरच्या पुढे: गुडघे कुरकुरतात, गाडी सुटते, डॉक्टरच्या फेऱ्या वाढतात. तिसऱ्याबद्दल घरात कोणी बोलत नाही: दोघांपैकी एकच उरतं. आपल्याकडे नवरा बहुतेक वेळा वयाने मोठा असतो, आणि बायकांचं आयुष्य सरासरीने थोडं जास्त असतं. म्हणजे तिसऱ्या काळात बहुतेक घरांत आई एकटी असणार.

म्हणून जागा निवडताना प्रश्न ‘दोघांना कुठे आवडेल’ एवढाच नाही. ‘एकटीला कुठे जमेल’ हाही आहे. हा प्रश्न धरला की पर्याय वेगळे दिसायला लागतात.

पर्याय १ : गाव

पहिल्या काळासाठी गाव भारी. स्वतःचं घर, भाडं नाही, खर्च कमी, सकाळी शेतावर चक्कर. शिवाय माणसं. पप्पांना चिखलीत सोसायटीचा सेक्रेटरी सोडून फारसं कोणी ओळखत नाही, गावात अख्खा पार ओळखतो.

अडचण दवाखान्याची. साध्या तापाला तालुक्याचं गाव पुरतं, पण हृदय, मेंदू, डायलिसिस असलं काही असेल तर कराड गाठायचं. पाटणहून कराड साधारण चाळीस किलोमीटर, आणि आमचं गाव पाटणच्याही आत आहे. पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात रात्री गाडी काढणं काय असतं, ते तिकडच्यांना विचारा.

आणि ‘गावात माणसं आहेत’ हे कोणासाठी खरं आहे, तेही बघा. ती पप्पांची माणसं. आई तिथे लग्नानंतर जेमतेम दोन वर्षं राहिली. तिची माणसं चिखलीत आहेत: भिशी, भजनी मंडळ, समोरच्या काकू.

पर्याय २ : आहे तिथेच

इथे वायसीएम हॉस्पिटल आहे, खासगी हॉस्पिटलं आहेत, रिक्षा रात्रीही मिळते. सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून मेट्रो थेट स्वारगेटला जाते. पण शहर म्हणजे आपोआप सोय, असं नाही. चार मजल्यांच्या जुन्या सोसायट्यांमध्ये लिफ्ट नसते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हॉस्पिटल दहा मिनिटांवर असून काय उपयोग, जिना उतरता आला नाही तर? त्यामुळे ‘इथेच राहायचं’ याचा अर्थ कधी कधी त्याच भागात लिफ्ट असलेलं घर बघायचं, असाही होतो.

पर्याय ३ : मधलं काहीतरी

तळेगाव दाभाडे, वडगाव मावळ. हवा चांगली, लोणावळा लोकलने चिंचवड जवळ. मात्र दुपारी लोकल कमी असतात आणि स्टेशनचा जिना चढावा लागतो. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून दाखवतात ते प्लॉट तर बऱ्याचदा बस जिथे वळते त्याच्याही पुढे असतात. पुण्यात अथश्रीसारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुलंही आहेत. तिथे जाणार असाल तर फ्लॅटच्या किमतीसोबत महिन्याचा मेंटेनन्स आधी विचारा. ज्येष्ठांसाठीच्या घरांबाबत महारेराने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. लिफ्ट, रॅम्प, रुंद दारं आहेत का, ते स्वतः जाऊन बघा.

पैसा

खासगी कंपनीतल्या बहुतेकांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. हिशोब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वाढीव पगारावरच्या पेन्शनचा पर्याय घेतला नसेल, तर पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. पूर्ण ३५ वर्षं धरली तरी महिन्याला ७,५०० रुपयेच होतात. प्रत्यक्षात कमीच, कारण सप्टेंबर २०१४ आधीची वर्षं ६,५०० च्या मर्यादेवर मोजली जातात. म्हणजे खरा आधार पीएफ, ग्रॅच्युइटी आणि फ्लॅट.

चांगली बातमी अशी की पेन्शनसाठी शहरात अडकून राहायची गरज नाही. जानेवारी २०२५ पासून ईपीएफओची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून काढता येते. हयातीचा दाखलाही मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच, म्हणून निवडलेल्या जागेजवळ असं हॉस्पिटल कोणतं, ते आधी शोधा. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट आणि महिलांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट. प्रश्न तिकिटाचा नाही, गावात एसटी दिवसाला किती वेळा येते याचा आहे.

कागद

गावाला जायचं तर सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत आणि वारसनोंद झाली आहे का, हे आत्ताच बघा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ते कोणाच्या नावावर आहे, तेही. आजोबांच्या नावावरच्या घरात पीएफचे पैसे घालून स्लॅब टाकला आणि नंतर भावकीने हिस्सा मागितला, तर म्हातारपणी कोर्टाच्या चकरा. उलट, गावची जमीन घाईने विकूही नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पूर्ण विकली तर परतीचा रस्ता अवघड होतो.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, मुलांसाठी. ‘फ्लॅट तुझ्या नावावर करून टाकतो’ असं आई-वडील म्हणाले तर नको म्हणा. मृत्युपत्र करायला सांगा. दिलेलं घर परत मिळवायची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे, पण सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असेल तर. ती वेळ कोणावर येऊच नये.

मग ठरवायचं कसं?

राहून बघायचं. सुट्टीचे चार दिवस नाही, सलग चार महिने, आणि तेही पावसाळ्यात. मे महिन्यात आंबे असतात, सगळे आलेले असतात, तेव्हा कुठलंही गाव छान वाटतं. जुलैमध्ये लाइट गेलेली, रेंज नाही आणि ब्लडप्रेशरची गोळी संपलेली, तेव्हा काय होतं ते कळलं पाहिजे. तोपर्यंत शहरातलं घर विकायचं नाही. एकदा विकलं की त्याच भागात परत घेणं बहुतेकांना झेपत नाही.

आमच्याकडे सध्या एवढंच ठरलंय: जून ते सप्टेंबर गावी, दोघांनी. चिखलीचा फ्लॅट तसाच. आईला गावी करमलं नाही तर तो भाड्याने देऊन जवळच लिफ्ट असलेला दुसरा घ्यायचा, आणि पप्पांनी पेरणी-काढणीला जाऊन-येऊन राहायचं. पप्पांना हे अर्धवट वाटतं. ‘आयुष्यभर भाड्याचं घर नको म्हणून राबलो,’ असं ते म्हणाले, आणि त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पण चर्चा चालू आहे, आणि आता त्यात आईपण बोलते.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एकच. आईला एकटीला विचारा, बाबा समोर नसताना: ‘तुला कुठे राहायचंय?’ बऱ्याच घरांत हा प्रश्न तिला अजून कोणी विचारलेलाच नसतो.

काय उत्तर आलं ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव न घेता पुढच्या भागात वाजवू. काळजी घ्या, भेटूया!