गाडीचं घर केलं, पण टायरला विचारलं का?

हॉटेल नको, जुनी व्हॅन घेऊ, मागच्या सीट काढू, गादी टाकू, छोटा ओटा करू आणि थेट गोवा! असा प्लॅन तुमच्याही ग्रुपवर शिजतोय ना? राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलंय, त्यामुळे कल्पना काही जगावेगळी नाही. फक्त गाडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.

आता मुद्द्याचं. ओव्हरलोड म्हणजे काय, हे कागलकरांना सांगायला नको. हंगामात उसाने फुगलेल्या ट्रॉल्या आपण रोज बघतो. पण ट्रॉलीचं ओझं दिसतं. व्हॅनचं प्लायवूडमागे लपतं. शंभर लिटरची टाकी भरली की पाण्याचेच १०० किलो. त्यात बॅटरी, सिलिंडर आणि आपण सहाजण!

टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, लोड इंडेक्स. ९१ असेल तर तो टायर ६१५ किलो पेलतो, म्हणजे चार मिळून २,४६०. समजा, भरलेली व्हॅन २,२०० किलो भरली. पास? थांबा. त्यातले १,३०० किलो मागच्या चाकांवर असतील तर? मागचे दोन टायर पेलतात १,२३०. नापास! म्हणून सगळे आत बसून, टाकी भरून वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं तोला. जादा हवा भरून ही मर्यादा वाढत नाही. मोठे टायर घातले तरी कंपनीने ठरवलेलं गाडीचं एकूण वजन तेवढंच राहतं.

ओझ्याने टायरची भिंत सतत दबते, तापते आणि उन्हात हायवेवर फुटू शकते. इकडे चढाला क्लच घसरतो, जळका वास येतो. मागचे पाटे बसले की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस झिजतो. रिव्हर्स टाकताना खालून ‘टक्’ आवाज आला तर गाणं बंद करा, नीट ऐका. नुसती क्लच प्लेट बदलून भागत नाही भावांनो, वजन उतरवावं लागतं; नाहीतर महिन्याभरात पुन्हा मेस्त्रीच्या दारात. आणि खरी परीक्षा चढाला नाही, आंबोली उतरताना. तिथे ब्रेक तापतात, म्हणून खालचा गिअर ठेवा.

जुनी व्हॅन घेताना स्टेपनीही बघा. शेवटचे चार आकडे २३१६ असतील तर ती २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातली. नक्षी कितीही नवी दिसो, ती तिथेच सोडा.