तपासणीला भिण्यापेक्षा दप्तर आणि दरवाजे नीट ठेवा
(बारामती-इंदापूर भागातील मंगल कार्यालये, गोदामे आणि सुरक्षा एजन्सीवाल्यांसाठी)

लग्नसराई जवळ आली की बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मंगल कार्यालये, शादीखाने आणि लॉन्स यांच्या तारखा भरू लागतात. मंडपवाला, कापडवाला, आचारी, लाइटवाला, वाजंत्री आणि दारावरचा पहारेकरी अशा कितीतरी जणांचे पोट या मोसमावर चालते. याच मोसमात नगरपरिषदेचा किंवा अग्निशमन खात्याचा माणूस दारात उभा राहिला की मालकाचा चेहरा उतरतो. 'आता हा काय काढणार?' हा पहिला विचार, आणि 'किती द्यावे लागतील?' हा दुसरा.

हे दोन्ही विचार आपल्या धंद्याला घातक आहेत. ज्याचे कागद पुरे आहेत आणि ज्याच्या इमारतीची दारे उघडी आहेत, त्याला तपासनिसाची भीती बाळगण्याचे कारण नाही. कागद अपुरे असले की मात्र प्रामाणिक अधिकाऱ्याची नोटीस येते आणि अप्रामाणिक अधिकाऱ्याचा फायदा होतो. म्हणून तपासणीची तयारी कशी करावी, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी सविस्तर मांडत आहे.

कापडाची आग आणि बंद दरवाजा

आधी तपासणी कशासाठी असते ते पाहू. 9 मे 2019 च्या पहाटे आपल्याच पुणे जिल्ह्यात उरुळी देवाची येथे साडीच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गुदमरून गेले. दुकान बाहेरून बंद होते. चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाने माल तर वाचला नाहीच, माणसेही वाचली नाहीत.

3 एप्रिल 2024 रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिवणकामाचे दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इमारतीत आग लागली आणि एका कुटुंबातील सात जण धुराने दगावले. 18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती आणि कामगारही होते.

या तिन्ही घटना कापडाच्या धंद्यातल्या आहेत. 'खाली दुकान, वर मुक्काम' ही रीत आपल्या बारामतीच्या आणि इंदापूरच्या पेठेतही आहे. ताग्यांच्या थप्प्या जिन्यावर, शिलाईची मशीन दाराशी, पोटमाळ्यावर झोपणारा पोरगा आणि शटरला बाहेरून कुलूप. एवढे एकत्र आले की आगीला दुसरे काही लागत नाही. म्हणून तपासनिसाने यायच्या आधी मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता वीज गेली, धूर भरला, तर आतला माणूस किल्लीशिवाय बाहेर येऊ शकेल काय? उत्तर 'नाही' असेल तर बाकीचे कागद नंतर, आधी आतून उघडणारा दरवाजा बसवा.

मंगल कार्यालयाच्या मालकांसाठी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा असून तो डिसेंबर 2008 पासून लागू आहे. या कायद्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आहे, आणि जो ती वापरतो त्याच्यावरही आहे. हॉल ट्रस्टचा असो, जमातीचा असो की खासगी असो, 'हा समाजाचा हॉल आहे' या सबबीवर सूट मिळत नाही. ट्रस्टींपैकी कोणाच्या नावावर ही जबाबदारी आहे ते ठराव करून लिहून ठेवावे.

कोणत्या इमारतीला कोणती साधने लागतात, ते इमारतीचा प्रकार, उंची आणि क्षेत्रफळ यांवर ठरते. ती साधने परवानाधारक एजन्सीकडूनच बसवून घ्यायची असतात. बसवल्यानंतर ती एजन्सी 'नमुना अ' मध्ये दाखला देते. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत साधने चालू स्थितीत असल्याबद्दल 'नमुना ब' चा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे पुष्कळांची चूक इथेच होते. हॉल सुरू करताना एकदा लाल सिलिंडर भिंतीला टांगले जातात आणि पुढे दहा वर्षे त्यांच्यावर फुगे आणि तोरणे बांधली जातात. सिलिंडरवरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

हद्दीचा प्रश्नही समजून घ्यावा. बारामती किंवा इंदापूर नगरपरिषदेच्या हद्दीत एक कार्यालय, एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा, आणि गावाच्या हद्दीतल्या लॉन्ससाठी राज्याचे अग्निशमन संचालनालय. आपण कोणाच्या हद्दीत येतो ते आधी लेखी विचारून घ्या आणि त्या अर्जाची पोच सांभाळा.

प्रत्यक्ष इमारतीत तपासनीस काय पाहतो? बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या बाजूला उघडतात का; कार्यक्रम चालू असताना त्यांना कुलूप आहे का; जिन्यावर खुर्च्यांचा ढीग आहे का; जनरेटर कोठे आहे, त्याचे डिझेल कोठे आहे; वायरींना जोड किती आहेत; स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर पंगतीच्या जवळ आहेत का. जनान्याच्या बाजूला पडदे लावून मागचे दार झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पडदा जरूर असावा, पण त्यामागचे दार उघडे असावे आणि ते बायाबापड्यांना ठाऊक असावे.

मंडपाच्या कापडाविषयी

हा माझ्या धंद्याचा विषय आहे म्हणून थोडे जास्त लिहितो. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे एका लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम चालू असताना मंडपाला आग लागली. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यात मुले पुष्कळ होती. छत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे होते आणि बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या.

पॉलिस्टर दिसायला झगझगीत, भावाने स्वस्त आणि धुवायला सोपे. म्हणून मंडपवाले तेच मागतात. पण सुती कापड जळून राख होते, तर पॉलिस्टर वितळते आणि त्याचे पेटते थेंब खालच्या माणसांच्या अंगावर पडतात. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक 8758 आहे. त्यात कृत्रिम कापड आणि कृत्रिम दोर टाळण्यास सांगितले आहे. चालू विजेच्या तारेखाली मंडप घालू नये, असेही म्हटले आहे. सुती कापडाला बोरॅक्स, बोरिक ॲसिड, अमोनियम सल्फेट, तुरटी अशा क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवले तर ते लवकर पेट घेत नाही. मात्र हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत. कापड एकदा धुतले किंवा पावसात भिजले की प्रक्रिया पुन्हा करावी लागते. मंडपवाल्या बांधवांनी अशी प्रक्रिया केल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. ही वही तपासणीत उपयोगी पडतेच, शिवाय मोठे गिऱ्हाईक मिळवायलाही पडते.

सुरक्षा एजन्सी चालवणाऱ्यांसाठी

आपले पुष्कळ तरुण या धंद्यात आले आहेत. दहा-पंधरा पोरे जमवायची, गणवेश शिवायचे आणि लग्नाला, गोदामाला, बँकेच्या दारात पुरवायचे. मेहनतीचा धंदा आहे. पण परवान्याशिवाय तो करणे हा गुन्हा आहे. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम 2005 प्रमाणे विनापरवाना एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवाना पाच वर्षांचा असतो आणि मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. कायद्यात फीचे तीन टप्पे आहेत: एका जिल्ह्यासाठी 5,000 रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत 10,000 आणि पूर्ण राज्यासाठी 25,000. बारामती-इंदापुरातच काम असेल तर पुणे जिल्ह्याचा परवाना पुरतो. मात्र इंदापूरहून पुढे सोलापूर जिल्ह्यात माणसे पाठवायची असतील तर आधी विचार करावा.

तपासणीत पुढील गोष्टी पाहिल्या जातात:

1. परवाना कार्यालयात दिसेल अशा जागी लावलेला असावा.
2. नोंदवही अद्ययावत असावी. त्यात पहारेकरी व पर्यवेक्षक यांची नावे, पत्ते, फोटो आणि पगार, तसेच कोणकोणत्या गिऱ्हाइकाला माणसे दिली ते असावे.
3. प्रत्येक पहारेकऱ्याचे वय 18 ते 65 च्या दरम्यान असावे आणि त्याची पोलीस पडताळणी झालेली असावी.
4. प्रशिक्षणाचा दाखला असावा. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत 160 तासांचे प्रशिक्षण होते, 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष. माजी सैनिक व माजी पोलिसांना त्यात सवलत होती.
5. फोटोचे ओळखपत्र प्रत्येकाच्या अंगावर असावे.

गणवेशाविषयी एक सूचना. कापड घेताना 'मिलिटरीसारखे दाखवा' अशी मागणी आमच्या काऊंटरवर नेहमी होते. लष्कर किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा गणवेश वापरल्यास पहारेकरी आणि एजन्सीचा मालक या दोघांनाही शिक्षा होऊ शकते. साधा निळा किंवा करडा रंग घ्यावा, आणि एजन्सीचे नाव खांद्यावर ठळक असावे.

पगाराचाही हिशोब चोख हवा. रोख देऊन अंगठा घेण्यापेक्षा बँकेतून द्यावा. रखवालदाराचा हक्क बुडवून भाव पाडणारी एजन्सी फार दिवस टिकत नाही, आणि तिचा रखवालदार आगीच्या वेळी पहिला पळतो.

एजन्सीकडून माणूस घेणाऱ्या दुकानदाराने

परवान्याची झेरॉक्स मागून घ्या, मुदत पाहा आणि करार लेखी करा. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराने कंपनी नसलेल्या एजन्सीकडून पहारेकरी घेतले, तर 1 जानेवारी 2019 पासून त्यावरचा कर घेणाऱ्यालाच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना हा नियम नाही. आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे. स्वतःच्या पगारावर ठेवलेल्या रखवालदाराला एजन्सीचा कायदा लागत नाही, तरी त्याची पडताळणी करून ठेवणे शहाणपणाचे.

आणि रखवालदाराला नुसती काठी देऊ नका. मेन स्विच कोठे आहे, सिलिंडरची पिन कशी काढायची, आत कोण झोपले आहे आणि किल्ली कोठे आहे, हे त्याला ठाऊक पाहिजे. अग्निशमनचा 101 आणि तातडीचा 112 हे दोन्ही नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा.

एकत्र येऊन खर्च वाटून घ्या

हे सगळे करायला पैसा लागतो, हे खरे. छोट्या हॉलला किंवा चार कारागिरांच्या कारखान्याला तो जड जातो. यावर उपाय म्हणजे एकी. बारामतीच्या आणि इंदापूरच्या पेठेतील दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून जानेवारीत आणि जुलैत एकाच परवानाधारक एजन्सीला एकाच दिवशी बोलवावे, भाव एकदाच ठरवावा. त्याच दिवशी संध्याकाळी सर्व कामगारांना आणि पहारेकऱ्यांना सिलिंडर चालवून दाखवावे. एका दुकानदाराने हाती घेतले तर बाकीचे येतील.

तपासनीस वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर मात्र रोज तिथेच झोपतो, आणि त्याच्या आई-बापाने तो आपल्या भरवशावर पाठवलेला असतो.