सुट्टीत मुलांना बेटावर नेताना



आपल्या क्रांती चौकात महाराज घोड्यावर आहेत. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात त्यांची मूर्ती बसलेली आहे, तीही नावाड्याच्या वेशात. "असं का?" म्हणून गटातल्या एका मुलीनं विचारलं, आणि उन्हाळी सुट्टीत गटाची मुलं तिकडे न्यायची असं आम्ही ठरवलं. ते कसं केलं, मुलं तिथं काय शिकली, ते आज सांगतो.

पहिल्यांदा यादी केली तेव्हा पंधरा मुलगे आणि तीनच मुली. समुद्र आहे, परका मुलूख आहे, पोरीला कसं पाठवायचं? भीती खोटी नव्हती. मग बैठकीत ठरलं की आईंपैकी चौघींनी सोबत जायचं, आणि ज्या घरातला मुलगा येईल त्या घरातली मुलगीही येईल. दोन घरं रुसली, पण मुली अकरा झाल्या.

किल्ला कुरटे बेटावर आहे. 1664 मध्ये पायाभरणी झाली. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. पाणी गोडं! टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या पोरांना हे नवलच. बेटांवर साधारणपणे असं होतं की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगून राहतं. पण उपसा फार झाला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. म्हणजे पाणी बेतानंच काढायचं. एक पोरगा म्हणाला, आपल्या बोअरचंही असंच की! अगदी असंच नाही. आपल्याकडे खारं पाणी चढत नाही, बोअर कोरडी पडते. बेतानं उपसायचं हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहे. 1987 पासून तिथलं पाणी सागरी अभयारण्य आहे. शंख-शिंपले उचलून पिशवीत भरायचे नाहीत, हे निघायच्या आधीच बजावा. आम्ही विसरलो, आणि परतीच्या वाटेवर पिशव्या रिकाम्या करून घ्याव्या लागल्या. रडारड झाली ती वेगळीच.

मालवणात मे महिन्यात बायका मासळी वाळवतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांची ही तजवीज. आपण कुरडया-पापड घालतो तेच की. आमच्यातल्या चौघी तिथं तासभर गप्पा मारत बसल्या. कावळे कसे हाकलायचे, यावरच बोलणं चाललं होतं.

तिथून आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचत गटानं 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. बायकाच होडी वल्हवतात आणि बायकाच माहिती देतात. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, हवा घ्यायला. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, शेंगेसारखं लोंबतं आणि खाली पडलं की चिखलात उभं राहतं. माशांची, खेकड्यांची पिल्लं या मुळांत वाढतात. झाडं तोडली तर जाळ्यात काय येणार? आमच्या मुली झाडांपेक्षा वल्ही मारणाऱ्या बायकांकडेच जास्त बघत होत्या. एकीनं विचारलं, "गटाचं कर्ज फिटलं का?" आम्हाला हसू आवरेना, पण प्रश्न बरोबर होता.

आता कामाचं. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जा. महिनाअखेरीस समुद्र खवळायला लागतो आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात. मालवणला जवळचं रेल्वे स्टेशन कुडाळ. होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालं का, हे स्वतः बघा. अंगात घातल्याशिवाय होडी सोडू देऊ नका. टोपी, पाण्याची बाटली, एक जादा कपड्यांचा जोड. दर महिन्याला बचतीसोबत थोडे पैसे वेगळे ठेवले तर मेपर्यंत खर्चाचा भार वाटत नाही.

यंदाची यादी पुढच्या बैठकीत करू. मुलींची नावं आधी लिहायची आहेत, येताना विचार करून या.