मंगळाचा खरा रंग कोणता?

श्रोतेहो, आमची शाहूपुरी ही छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ. गुळाने नावारूपास आलेली. गुळाचा सौदा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला एक गोष्ट सांगायला नको. जाणता माणूस रवा फोडतो, खडा तळहातावर घेतो आणि दाराबाहेर उजेडात जातो. पिवळ्या दिव्याखाली काळसर गूळदेखील देखणा दिसतो. गुळाचा रंग ठरवायचा, तर आधी उजेड कोणता हे ठरवावे लागते. आज मी मंगळावरच्या छायाचित्रांविषयी बोलणार आहे आणि त्यातले निम्मे या एका खड्यात आले.

निमित्त असे झाले. राधानगरीकडच्या एका शाळेतले शिक्षक माझ्याकडे आले. मोबाईलवर मंगळाची दोन छायाचित्रे होती. डोंगर तोच, दगड तेच. पण एकात आकाश तांबूस-पिवळे आणि दुसऱ्यात निळसर. म्हणाले, “सर, पोरं विचारतात, यातलं खोटं कुठलं? कोण म्हणतं, अमेरिकावाले काहीतरी लपवतात. मी काय सांगू?” मी म्हटले, “दोन्ही खरी असू शकतात.” त्यांचे समाधान झाले नाही. होऊही नये. असे उत्तर द्यायचे तर त्याची फोड करून दिली पाहिजे.

मंगळावर ज्या चाकांच्या यंत्रगाड्या पाठवल्या, त्यांना रोव्हर म्हणतात. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही जोडी जानेवारी २००४ मध्ये उतरली, क्युरिऑसिटी ऑगस्ट २०१२ मध्ये, पर्सिव्हिअरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये. यांची छायाचित्रे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत पृथ्वीवर येतात आणि नासा ही संस्था ती फारसा हात न लावता सर्वांसाठी खुली करते. पैसा नको, परवाना नको. म्हणूनच जगभर हौशी लोकांची एक जमात तयार झाली आहे. पोटापाण्याचा उद्योग निराळा, पण गाडी आज किती वार पुढे गेली, कोणत्या दगडापाशी थांबली, यावर यांचा डोळा. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा. त्यामुळे तिथली सकाळ आपल्या घड्याळात रोज पुढे सरकते आणि अठरा-एकोणीस दिवसांत आपल्या रात्रीवर येऊन पडते. या नादाला लागलेल्या माणसाच्या घरच्यांना हे गणित चांगले पाठ असते!

आता ही मंडळी त्या चित्रांचे करतात काय? कॅमेऱ्याला मुळात रंग कळत नाही. उजेड किती पडला एवढेच तो मोजतो. २००४ च्या जोडीचे मुख्य कॅमेरे एका दृश्याची निरनिराळ्या रंगांच्या काचांतून एकामागून एक काळी-पांढरी छायाचित्रे घेत. त्यातली तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेची तीन निवडून संगणकावर एकावर एक बसवायची, की रंगीत चित्र उभे राहते. लग्नपत्रिका छापणाऱ्याला हे लगेच कळेल. तोही एकेका रंगाची प्लेट वेगळी छापतो आणि एखादी जरा हलली, तर गणपतीच्या कडेने रंगाची रेघ उमटते. मंगळाच्या चित्रातही मधल्या वेळात सावली सरकली, की नेमके तसेच होते. पुढच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांत हे रंगीत गाळे आतच, बारीक चौकटींवर बसवलेले आहेत. पण तत्त्व तेच. मग अशी बरीच चित्रे कडेला कड लावून जोडायची, गोधडी शिवावी तशी. उजळ तुकडा आणि मंद तुकडा शेजारी आले, तर टाका दिसू नये, ही खरी मेहनत.

सगळ्यात अवघड काम मात्र रंगाचे. मंगळाच्या हवेत तांबूस धूळ तरंगते. त्यामुळे तिथला उजेडच पिवळसर. आपला दिव्याखालचा गूळ म्हणा ना! तेव्हा चित्र दोन तऱ्हांनी करता येते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला साधारण दिसेल तसे, किंवा तेच दगड पृथ्वीवरच्या उन्हात ठेवले तर दिसतील तसे. भूगर्भशास्त्रज्ञांना दुसरी तऱ्हा सोयीची, कारण त्यांची नजर पृथ्वीवरच्या खडकांवर तयार झालेली असते. पण उजेडातला पिवळेपणा काढून टाकला, की आकाश आपोआप निळसर दिसू लागते. आमच्या शिक्षकांचे दुसरे चित्र ते हेच. लपवाछपवी कोणी केली नव्हती. चित्राखालची ओळ मात्र पुढे पाठवताना कोणीतरी गाळली होती.

मोठमोठ्यांनाही हा चकवा लागला आहे. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ हे यान मंगळावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहिले रंगीत चित्र बाहेर पडले. त्यात आकाश निळे! सवयीने तसेच बरोबर वाटले. मग यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर चूक उमगली आणि आकाश तांबूस झाले. तेव्हापासून रंगपट्टीचे महत्त्व कोणी विसरलेले नाही. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटीवर तर ती छायायंत्राच्या रूपात बसवली होती: मध्ये काठी, भोवती करड्या छटांची कडी, कोपऱ्यांत रंगांचे तुकडे. क्युरिऑसिटीच्या पट्टीवर १९०९ सालचे अमेरिकन सेंटचे नाणे आहे. दगडाचा आकार कळावा म्हणून भूगर्भवाले शेजारी नाणे ठेवतात, त्या रिवाजाचा हा मान.

माझीही फजिती सांगून टाकतो. मी केलेले पहिले चित्र मला फिके वाटले. मंगळ म्हणजे लालच हवा, म्हणून लाल वाढवला आणि मोठे छापून वर्गात लावले. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ती करडी पट्टीपण लाल कशी काय दिसतेय?” चित्र त्याच दिवशी उतरवले.

पण हौशी माणूस नेहमी चुकतोच असे नव्हे. मंगळ सोडून क्षणभर चंद्राकडे चला. सप्टेंबर २०१९ मध्ये आपले विक्रम यान चंद्रावर आदळले. चेन्नईचे षण्मुग सुब्रमणियन हे अभियंते. त्यांनी नासाची खुली छायाचित्रे घेतली, आदळण्याआधीची आणि नंतरची, आणि घरी बसून ताडून पाहिली. एक बारीक ठिपका नवा दिसला. त्यांनी तो नासाला कळवला, नासाने तपासला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अवशेष सापडल्याचे जाहीर करताना त्यांचे नाव घेतले. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या चित्रात “दरवाजा” दिसल्याची हाकाटी झाली, तिच्याशी हे ताडून पाहा. ती खडकातली जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची फट होती. मांजर जाईल एवढी. ठिपका तपासायला दिला गेला, फट नुसतीच पुढे पाठवली गेली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात हे करून दाखवायला मंगळापर्यंत जायला नको. तांबडा, हिरवा आणि निळा असे जिलेटीनचे तीन कागद आणा. टेबलावर पिकलेला टोमॅटो, हिरवी मिरची आणि एक पांढरा कागद ठेवा. मोबाईल काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर लावून न हलवता तीनदा फोटो घ्या, दर वेळी भिंगापुढे वेगळा कागद धरून. तांबड्या कागदातून टोमॅटो उजळ येईल आणि मिरची काळवंडेल; हिरव्यातून उलटे. कोणता फोटो कोणत्या कागदाचा, हे मुलांना न सांगता ओळखायला लावा. आणि पांढरा कागद प्रत्येक फोटोत असू द्या, तो कापू नका.