रेडिएटरचे टोपण

मंडळी, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली एखादी जुनी फियाट किंवा अँबॅसडर कात्रजच्या नाही तर खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली आपण पाहिली असेल. पुढून वाफ निघते आहे, खाली पाण्याचे थारोळे साचले आहे, आणि मालक हातात फडके घेऊन रेडिएटरचे टोपण फिरवायच्या बेतात आहे. त्याला तिथेच थांबवले पाहिजे. का, ते आधी सांगतो. पाणी का सांडते त्याकडे मग वळू.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातले पाणी 100 नव्हे, 98 अंशांच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरला त्याच्याही आधी. उलट दाब वाढवला की पाणी उशिरा उकळते. घरचा कुकर याच तत्त्वावर चालतो आणि रेडिएटरचे टोपण हे त्या कुकरच्या शिट्टीचेच भावंड! त्याच्या पोटात स्प्रिंग आणि रबरी वायसर असतो. वर 4 किंवा 7 असा आकडा ठोकलेला दिसेल. दर चौरस इंचाला तितके पौंड दाब चढला म्हणजे वायसर उचलला जातो आणि जादा पाणी बाजूच्या बारीक नळीने बाहेर पडते. 7 पौंडांचे टोपण धड असेल तर पुण्यात आतले पाणी सुमारे 110 अंशांपर्यंत उकळत नाही.

आता समजा, आत 105 अंशांचे पाणी गप बसले आहे आणि आपण टोपण काढलेत. दाब क्षणात उतरतो, पाणी एकाएकी उकळते आणि वाफेसकट तोंडावर येते. हात भाजतात, डोळे जातात. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. वरचा रबरी होज फडक्याने दाबून पाहा; टणक लागला तर दाब अजून आहे. मग टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून वाफ जाऊ द्या. आणि तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतू नका, हेडला तडा जाईल.

आता सांडणाऱ्या पाण्याविषयी. पुष्कळदा गाडीला काहीच झालेले नसते! मालक रोज सकाळी रेडिएटर तोंडोतोंड भरतो, आणि संध्याकाळी म्हणतो, “पाणी टाकतेय गाडी.” टाकणारच. 30 अंशांचे पाणी 90 अंशांना शेकडा तीनने फुगते. गाडीत 7 लिटर मावत असेल तर पावशेराहून थोडे कमी पाणी जागा नाही म्हणून बाहेर येते. जुन्या गाडीला वेगळी बाटली नसेल, तर पाणी मानेच्या इंचभर खाली ठेवावे. आतल्या नळ्या बुडालेल्या असल्या की झाले. चार दिवस पाणी न घालता पातळी पाहा. एका जागी स्थिरावली तर मिस्त्रीला पैसे देण्याचे कारण नाही.

ती उतरतच राहिली तर टोपण पाहा. वायसर कडक झालेला, चिरलेला, स्प्रिंग मऊ पडलेली असेल. टोपणाच्या मध्यभागी एक छोटी झडपही असते. इंजिन निवले की आत पोकळी होते, तेव्हा ही झडप बाहेरून हवा किंवा पाणी आत घेते. ती गंजून अडकली की सकाळी वरचा होज चपटा झालेला सापडतो. शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल: पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळा, आच बंद करून बूच घट्ट लावा आणि डबा निवू द्या. पोरे तो चेपताना पाहतील आणि विसरणार नाहीत.

काही हौशी मंडळी जुन्या गाडीला बाटली बसवून घेतात. चांगली गोष्ट आहे, पण जुन्या टोपणाला वरच्या कडेला दुसरा वायसर नसतो. मग निवताना रेडिएटर बाटलीतले पाणी ओढण्याऐवजी कडेने हवा ओढतो; बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिता होतो. नळीचे टोकही बाटलीच्या तळाशी, पाण्यात बुडालेले हवे.

टोपण नवे, पातळी योग्य, तरी पाणी जातेच? मग गार इंजिनावर टोपण काढून गाडी सुरू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलची पट्टी दुधट निघाली, तर हेड गॅस्केट गेले असे समजून गाडी कारखान्यात न्या. बुडबुडे नसतील तर रेडिएटर आतून चोंदला असेल. विहिरीच्या जड पाण्याने घरातल्या बंबाला आतून पापुद्रा धरतो ना, तोच प्रकार. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसले तरी गंज थोपवण्यासाठी कूलंट घालावे. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी.

“जरा भारी टोपण लावा, सांडायचं थांबेल,” असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 7 पौंडांच्या जागी 15 पौंडांचे टोपण बसवले की सांडणे थांबते खरे, पण जुन्या पितळी रेडिएटरचे डाग उसवतात आणि होज फुटतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांना तर दाब धरणारे टोपणच नव्हते.

नाना पेठेत नवे टोपण घ्यायला जाल तेव्हा जुने खिशात ठेवा. नुसता आकडा जुळून भागत नाही. टोपणाच्या कडेपासून वायसरपर्यंतची लांबी पट्टीने मोजा आणि रेडिएटरच्या मानेची खोलीही मोजा. टोपण आखूड पडले तर वायसर बैठकीला टेकतच नाही, आणि कोऱ्या टोपणानिशी गाडी पुन्हा घाटात उभी राहते.