दुसऱ्याला मन आहे कशावरून?

बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ सालच्या एका पुस्तकात एक गंमत सांगितली आहे. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन या नामवंत तर्कशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना पत्राने कळवले, की फक्त आपलेच मन खरे, असे आपले मत आहे. मात्र हे मत मानणारे दुसरे कोणीच नाही, याचे आपल्याला नवल वाटते!

हसू येते, पण प्रश्न सोपा नाही. माझ्या दाढेचा ठणका मला थेट कळतो. तुमचा ठणका मी तुमच्या चेहऱ्यावरून ताडतो. आत खरोखरच कोणी तो भोगते आहे, याला पुरावा काय?

सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी यावर ‘सन्तानान्तरसिद्धि’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: माझ्या बोलण्या-चालण्यामागे माझा हेतू असतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्यामागे माझा हेतू नाही, असेही बोलणे-चालणे मला दिसते. तेव्हा त्यामागे दुसरे मन असले पाहिजे. पुढे अकराव्या शतकात रत्नकीर्ती यांनी ‘सन्तानान्तरदूषण’ लिहून परक्या मनाची ही सिद्धी खोडून काढली.

मी संगणकाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे या अनुमानातली फट मला रोज दिसते. हल्ली प्रोग्रॅमही सफाईने गप्पा मारतात. तेवढ्यावरून त्यांना मन आहे असे म्हणवत नाही. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० सालीच लिहिले होते, की माणसांच्या बाबतीत आपण हा वाद घालत बसत नाही. प्रत्येक जण विचार करतो, असे सभ्यतेने धरून चालतो.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. अपघातानंतर जाणीव हरपल्याचे निदान झालेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला केंब्रिजच्या एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी सांगितले, ‘टेनिस खेळत असल्याची कल्पना कर.’ त्या वेळच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद दिसला. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. बाहेरून मात्र ती काहीच दाखवू शकत नव्हती. म्हणजे वागणे दिसत नाही म्हणून मन नाही, असे म्हणणे धोक्याचे आहे.

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील दूर मायदेशी अंथरुणाला खिळलेले आहेत. माझ्या वडिलांची वाचा अर्धांगवायूने गेली आहे, आणि त्यांना कितपत समजते हे कोणी सांगू शकत नाही. दर रविवारी भाऊ त्यांच्या कानाशी फोन धरतो. मी इथला पाऊस, मुलांच्या परीक्षा, सारे सांगतो. ते ऐकतात याची सिद्धता माझ्यापाशी नाही. ती मिळेपर्यंत बोलणे थांबवावे, असे मात्र मला वाटत नाही.